आळ आला की आधी काय करायचं

नोटीस हातात पडली की पोच द्या, पोचेवर तारीख आणि वेळ टाका, आणि त्या दिवशी आणखी एक अक्षर लिहू नका. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. मी लिहिलं होतं. रात्री पावणेबारा वाजता, ऑफिसच्या ग्रुपवर, सतरा ओळी. त्यात रागाच्या भरात एक तारीख चुकली. पुढे चौकशीत तीच ओळ माझ्यासमोर धरून साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बयाण बदलून राहिल्या."

नागपुरात सदर भागातल्या आमच्या कॅथेड्रलमध्ये रविवारची मिस्सा (उपासना) संपली की कोणी ना कोणी मला बाजूला घेतं. "मावशी, तुमच्यावर आलं होतं ना तसं, तेव्हा तुम्ही काय केलं?" मागच्या महिन्यात एक शिक्षिका होती, त्याआधी दवाखान्यात काम करणारा एक पोरगा. कंपाउंडमध्ये उन्हात उभं राहून अर्धंमुर्धं सांगणं होतं. म्हणून एकदा बसून लिहिते आहे. मी वकील नाही, मठातली सिस्टरही नाही. एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं कॅशियर होते, एवढंच. संस्थेचं नाव सांगणार नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.

झालं असं. पोळ्याच्या आठवड्यात बासष्ट हजारांचा फरक निघाला. रोजकीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) माझ्या अक्षरात 'बँकेत भरणा ६२,०००'. पासबुकात तो भरणा नाही. स्लिपची अर्धी पावती फाईलला नाही. रोकड मोजून पिशवीत घातली मी, बँकेत घेऊन गेला आमचा शिपाई, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे पावती त्यानं माझ्या टेबलावर ठेवली होती. मला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, म्हणजे गावाची ईडा पीडा जिच्यावर घालून शेवटी जाळतात त्या पुतळ्याची. आमचं ऑफिस महाल भागात, खिडकीतून सगळं दिसतं. पिवळी मारबत गेली, मागून बडगे (तसेच पुरुषांचे पुतळे), आणि खाली पोरं ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" बाजूच्या टेबलावरची एक बाई माझ्याकडे पाहून हसली. तिच्या मनात काही नसेलही. पण मला त्या घडीला कळलं की या वर्षी ऑफिसची मारबत मी आहे.

आता कामाचं. प्रत्येक आरोपाला उत्तर द्यायचं नसतं, हे पहिलं. आमचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स १६२२ साली वारले, आणि नावलौकिकाबद्दल त्यांचं म्हणणं आजच्या नागपूरलाही लागू पडतं. ते म्हणतात, चांगलं नाव म्हणजे दारावरची पाटी. आत सद्गुण राहतो एवढं ती सांगते, घर म्हणजे पाटी नव्हे. आणि जरा शिंक आली की औषध घेणारा माणूस जशी तब्येत बिघडवून घेतो, तसा जरा कोणी बोललं की खुलासा करत सुटणारा माणूस आपलं नाव घालवून बसतो. बहुतेक कुजबुज दुर्लक्षानं मरते. पण ते अपवादही सांगतात. आरोप गंभीर असेल, किंवा तुमच्या नावावर दुसऱ्यांचं भलं अवलंबून असेल, तर न्याय्य मार्गानं तो दूर करा. 'ही बाई ताठ आहे', 'हिचा पोरगा बिघडला', असल्या बोलण्याला उत्तर नको. 'हिनं सभासदांचे बासष्ट हजार खाल्ले' याला उत्तर द्यावंच लागतं, कारण ते पैसे भाजीवाल्यांचे आणि झाडूवाल्यांचे आहेत. कुठे गेले ते कळायला त्यांचा हक्क आहे. इथे गप्प बसणं ही नम्रता नव्हे.

हे मी ठासून सांगते, कारण आपल्या लोकांत एक समज पक्का आहे की खरा ख्रिस्ती माणूस आळ आला तरी तोंड उघडत नाही. माझी सासू मला संत जेरार्ड मजेल्लांची गोष्ट ऐकवायची. १७५४ साली एका बाईनं त्यांच्यावर घाणेरडा आरोप केला. त्यांच्या संघाचे संस्थापक संत अल्फोन्सस लिगोरी, पूर्वाश्रमीचे वकील, त्यांनी बोलावून विचारलं, तरी जेरार्ड बोलले नाहीत. त्यांचं कम्युनियन (मिस्सेत पवित्र भाकर घेणं) बंद झालं. पुढे त्या बाईनंच पत्र लिहून खोटं बोलल्याचं कबूल केलं. पुढच्याच वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी ते वारले. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण सासूबाई, जेरार्ड यांच्या मागे कर्जाचा हप्ता नव्हता, आणि त्यांच्या गप्प बसण्यानं कोणा तिसऱ्याचे पैसे बुडत नव्हते. आपला मान ते सोडून देऊ शकत होते, तो त्यांचा होता. सभासदांच्या पैशांचा हिशेब देणं न देणं माझ्या मर्जीवर नव्हतं.

आणि येशू सगळीकडे गप्प होता का? योहानाचा अठरावा अध्याय काढून पाहा. हन्ना या याजकासमोर शिपाई त्याला थोबाडीत मारतो, तेव्हा तो विचारतो: मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? सरळ पुरावा मागतो. गप्प राहतो तो हेरोद राजासमोर, लूकच्या तेविसाव्यात. हेरोदाला न्याय करायचा नव्हता, चमत्कार पाहायचा होता. मी यावरून माझ्यापुरता नियम केला. समोरचा चौकशीला बसला आहे की तमाशा पाहायला? चौकशीला बसला असेल, तर मन कितीही कलुषित असो, त्याला पूर्ण उत्तर. तमाशेवाल्याला नाही. माझ्या चुलत नणंदेनं कामठीहून फोन करून "नेमकं काय झालं गं?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "लेखी दिलं आहे, निकाल लागला की सांगीन." तिला राग आला. येऊ दे.

उत्तर लिहायचं कसं, तर असं. मुदत पाहा, सात दिवस असेल तर पाचव्या दिवशी द्या. त्याआधी लेखी अर्ज करून कागद मागा: ज्या नोंदीवर आरोप आहे त्या पानाची प्रत, त्या महिन्याचा बँकेचा उतारा, आवक-जावक वहीची प्रत. कागद हाती येत नसतील तर तेही लिहून मुदतवाढ मागा. मग तीन गोष्टी वेगळ्या करा. मला ठाऊक आहे ते. मी दुसऱ्याकडून ऐकलं ते. मला आठवत नाही ते. 'मला आठवत नाही' लिहायला लाज वाटते, चोराचं उत्तर वाटतं. तरी लिहा. पावती टेबलावर ठेवली होती की नाही, मला खरंच आठवत नव्हतं. वकील म्हणाले, 'मिळाली नाही' असं ठाम लिहा. मी 'मिळाल्याचे स्मरत नाही' असं लिहिलं. ते वाक्य मला अडचणीचं ठरलं, चार महिने ठरत राहिलं. पण ते खरं होतं. उत्तर दोन पानांत बसवा, विशेषणं काढून टाका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. तोंडी चौकशीला बोलावलं तर घरी आल्याबरोबर काय विचारलं, काय सांगितलं ते वहीत तारखेसकट उतरवा. पोलिसांपर्यंत जाईल असं वाटलं तर मात्र माझ्यासारख्यांचा सल्ला पुरे, त्याच दिवशी वकील गाठा. कायद्याचा आधार घेण्यात विश्वास कमी पडत नाही. संत पौलानं थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली होती.

एक दाखला मला त्या दिवसांत फार आवडायचा. १५३८ साली रोममध्ये संत इग्नेशियस (पुढे येशूसंघ स्थापणारे) आणि त्यांच्या सोबत्यांबद्दल बोललं जाऊ लागलं की हे पळून आलेले पाखंडी आहेत. आरोप करणारे नंतर मागे सरले, प्रकरण थंड झालं, मित्रही म्हणाले सोडून द्या. इग्नेशियस सोडेनात. पोपकडे गेले आणि निकाल लेखी हवा म्हणून अडून बसले. नोव्हेंबरात तो मिळाला. आमच्याकडेही अध्यक्ष पुढे म्हणाले होते, "जाऊ द्या ना बाई, मिटलं." मी म्हटलं, "साहेब, नोटीस कागदावर आली होती. मिटलं तेही कागदावर द्या."

आता त्या रात्रीचं. ही गोष्ट मी कंपाउंडमध्ये कोणाला सांगितलेली नाही.

नोटिशीनंतर नऊ-दहा दिवसांनी ऑफिसातल्या एका भल्या माणसानं (भलाच होता, आजही म्हणते) मला कोरी भरणा स्लिप आणून दिली. म्हणाला, "मॅडम, तुम्ही चोरी केली नाही हे मले माहीत आहे. पावती हरवली, एवढंच ना? भरून द्या. शिक्क्याचं मी पाहतो, तिथं आपला माणूस आहे." घरी आले, जेवणं झाली, कूलरचा आवाज चालू होता. नवरा म्हणाला, "भर ना. खरंच तर भरले होते पैसे. यात खोटं काय?" आणि मला तेव्हा खरोखरच त्यात खोटं दिसत नव्हतं. मी डायनिंग टेबलावर बसले. शाखेचं नाव लिहिलं. खाते क्रमांक लिहिला. तारखेच्या चौकटीत सत्तावीस टाकायची होती. मी इंग्रजी सात काढताना त्याच्या मध्ये आडवी रेघ देते, शाळेत सिस्टरनं लावलेली सवय. त्या रात्री मी रेघ दिली नाही. का, तर शिपायानं भरली असं वाटायला हवं होतं. मी तो सात पाहत बसले. सव्वीस वर्षांत लाखभर सात काढले असतील, त्यातला हा पहिला माझा नव्हता.

काही दिव्य वगैरे झालं नाही. पोटात कालवलं, एवढंच. मी स्लिप फाडली, तुकडे चुलीत टाकायचे तर घरात चूल नाही, म्हणून गॅसवर जाळले आणि सिंकमध्ये काळं सांडलं. नवरा दोन दिवस बोलला नाही.

म्हणून जे कोणी विचारतं त्याला मी हे आधी सांगते: खोटा आळ आलेल्या माणसाच्या हातून पाप घडायची सगळ्यात सोपी जागा ही आहे. आपण खरे आहोत याची इतकी खात्री असते की एक खोटा कागद म्हणजे खऱ्यालाच टेकू दिल्यासारखं वाटतं. जुन्या तारखेची नोंद, मागून लिहून घेतलेलं साक्षीपत्र, 'तू होतास ना तिथं, असं म्हण' म्हणून मित्राला केलेला फोन. आमच्या कॅथलिक मोजणीप्रमाणे दहा आज्ञांतली आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नकोस म्हणते. स्वतःच्या बाजूनं दिली तर चालेल, असं तिच्यात कुठे नाही.

तीच गोष्ट माफीची. "माफी मागून टाका, विषय मिटतो." न केलेल्या गोष्टीची माफी हेही खोटं बयाणच. चुकलं तेवढ्याची माफी मागा. मी लिहून दिलं की पावती त्याच दिवशी फाईलला लावून घेणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. तेवढंच. राजीनाम्याचंही तसंच. इग्नेशियसची एक शिकवण फादर रिट्रीटमध्ये (चिंतनाच्या शिबिरात) सांगायचे: मन अंधारात असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. मला कॅशवरून उठवून खतावणीवर बसवलं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज देऊन टाकते. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. असे आठ महिने काढले.

प्रार्थना वगैरे विचारतात. फार लांबलचक काही होत नाही त्या दिवसांत, रोझरीच्या जपमाळेतल्या दुसऱ्या दहा मण्यांतच मन रोजकीर्दीत जातं. मी स्तोत्र ३५ धरलं. त्यात एक ओळ आहे की खोटे साक्षीदार उठतात आणि मला ठाऊक नाही ते मला विचारतात. बस, तेवढी ओळ. दानिएलाच्या तेराव्या अध्यायातली सुसान्ना आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, तीही वाचा. तिच्यावर दोन वडीलधाऱ्यांनी व्यभिचाराचा खोटा आळ घेतला होता. दानिएलानं त्या दोघांना वेगवेगळं बोलावून 'कोणत्या झाडाखाली?' एवढंच विचारलं आणि दोन झाडं निघाली. रविवारचा गल्ला मोजायला मी बसायची, ते मी आपणहून थांबवलं, म्हणजे दुसऱ्यांना अवघड नको. मिस्सा सोडली नाही. 'एकमेकांना शांती द्या' म्हटलं की पुढच्या बाकावरची एक जोडी मागे वळायची नाही. मी त्यांच्या पाठीला हात जोडायची.

कन्फेशनबद्दल, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करण्याबद्दल. न केलेलं पाप तिथे सांगायचं नसतं, सांगणारे आहेत म्हणून लिहिते. मी गेले ती आपलं गाऱ्हाणं घेऊन. दहा मिनिटं दुसऱ्यांचीच पापं सांगितली असतील. फादर ऐकून घेऊन म्हणाले, "हे त्यांचं झालं. तुमचं काय?" मला राग आला. पण घरी येईपर्यंत कळलं होतं माझं काय ते.

मी शिपायाचं नाव घेतलं होतं. ऑफिसात नाही, उत्तरातही नाही. भावजयीकडे, आणि शेजारणीकडे. "त्यानंच उचलले असतील, त्याच्या घरी लग्न आहे ना." माझ्यावर खोटा आळ आला म्हणून रडणारी मी, चहा पिता पिता तसाच आळ दुसऱ्यावर घालून मोकळी झाले होते. कॅटेकिझमच्या (चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाच्या) २४७७ व्या परिच्छेदात याचे तीन प्रकार वेगळे केले आहेत: पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात एखाद्याला दोषी धरणं, कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष तिसऱ्याला सांगणं, आणि खोटं बोलून नाव घालवणं. मधला प्रकार नीट वाचा. दोष खरा असला तरी ज्याला कळायची गरज नाही त्याला सांगायचा नाही. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं तर ठाऊक आहे ते सगळं सांगा, ते कर्तव्य. लग्नाच्या पंगतीत नको. संस्थेचं नाव इथे का घेतलं नाही, ते आता कळलं असेल.

एप्रिलमध्ये ऑडिटर बसले. त्यांनी सगळ्या खात्यांची जुळवणी केली, तेव्हा राखीव निधीच्या खात्यात, ज्याचा उतारा आम्ही वर्षातून एकदाच काढत होतो, ऑगस्टच्या सत्तावीस तारखेला बासष्ट हजार जमा दिसले. स्लिपबुक त्या खात्याचं होतं, क्रमांक आधीच छापलेला. शिपायानं रक्कम घातली आणि भरली. स्लिपबुक ड्रॉवरमधून त्याला काढून कोणी दिलं होतं, तर मी. (आणि मी त्या रात्री भरायला घेतलेल्या स्लिपवर चालू खात्याचा क्रमांक लिहिला होता. शिक्का पडून ती फाईलला लागली असती, तर एप्रिलमध्ये काय झालं असतं याचा हिशेब तुम्हीच करा.)

मे महिन्यात मला पत्र मिळालं, चार ओळींचं, जावक क्रमांकासकट.

त्यानंतरचं काम कोणी विचारत नाही, पण करायला सगळ्यात जड तेच. ज्यांच्याजवळ त्याचं नाव घेतलं होतं त्या दोघींकडे मी गेले आणि सांगितलं की मी खोटं बोलले होते. 'गैरसमज झाला होता' असं म्हणायचं फार मनात येतं. तसं म्हणू नका. मग पाचपावलीला त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "मॅडम, मले तवाच समजलं होतं. माह्या सासरपर्यंत गेली होती गोष्ट. तुम्ही आल्या, बरं झालं. पण माह्या बायकोले सांगा."

ती आत मिरच्या निवडत बसली होती. मी खाली तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिनं वर पाहिलं नाही. देठ तोडत तोडत म्हणाली, "तुमचं पत्र आलं ना आता? आमचं कोन देईन?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या नाही, माझ्या वहीच्या कागदावर लिहिलं. अमुक महिन्यात मी यांच्याबद्दल अमुक लोकांजवळ असं बोलले, ते खोटं होतं, पैसे यांनी त्याच दिवशी बँकेत भरले होते. खाली सही, पूर्ण नाव, तारीख. संध्याकाळी नेऊन तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं नाही. कपाटातून रेशन कार्ड काढलं, त्याच्या प्लास्टिकच्या खोळीत ते घडी करून सरकवलं, आणि मग विचारलं, चहात साखर किती.